वाचक विचारतात: रेडिओची धून बांधणारा वॉल्टर कॉफमन

मागच्या अंकात रेडिओच्या सकाळच्या धुनेबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि त्यात वॉल्टर कॉफमनचं नाव टाकलं, तर यावेळी जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्यावरच आलेत. म्हणून या महिन्यात बाकीचं बाजूला ठेवते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर राग मानू नका.

प्रश्न (सातारा): ताई, आमच्या ग्रुपवर फिरतंय की आकाशवाणीची धून हिटलरपासून पळून आलेल्या एका ज्यू माणसाने केली. खरंय का हे, की नेहमीसारखं कुणीतरी सोडलेलं? आम्ही तर लहानपणापासून समजत होतो की कुणीतरी पंडितजी असणार.

उत्तर: यावेळी फॉरवर्ड बऱ्यापैकी खरा निघाला, असं क्वचित होतं. वॉल्टर कॉफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, गाव कार्ल्सबाड, म्हणजे आताच्या चेक रिपब्लिकमधलं कार्लोवी व्हॅरी, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, घर ज्यू आणि बोलणं जर्मन. १९३४ च्या फेब्रुवारीत तो मुंबईत आला आणि १९४६ पर्यंत इथेच राहिला, त्यातली १९३७ पासूनची वर्षं ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई स्टेशनवर युरोपियन म्युझिकचा डायरेक्टर म्हणून. धून साधारण १९३६ ची मानतात, त्याच वर्षी जूनमध्ये रेडिओला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. व्हायोलिन मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, वाजवलं असं सांगतात, आणि ती सुरावट कॉफमनच्याच एका व्हायोलिन सोनाटातून घेतली असंही काही जण म्हणतात.

तुम्हाला पंडितजी वाटले यात काहीच नवल नाही कारण धून शिवरंजनीच्या वळणाची आहे. भूप घ्या, त्यातला गंधार कोमल करा, शिवरंजनीचे पाच स्वर हातात येतात. आता ती धून पुन्हा एकदा नीट ऐका, आधी तंबोरा लागतो, तो नुसता लागू दिलाय, घाई नाही, मग वर व्हायोलिन येतं आणि त्याच्या खाली कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या अनेक सुरांची, गर्दी केलेली नाही. बर्लिनमध्ये शिकलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप कॉर्डकडे जातो, त्याने तो आवरलाय. मला विचाराल तर धुनेतली खरी कमाल हीच.

वाद आहे, तोही सांगून टाकते. काही जण ठाकूर बळवंतसिंग यांचं नाव घेतात, काही जॉन फोल्ड्सचं. फोल्ड्स हा इंग्रज कंपोझर दिल्ली स्टेशनवर युरोपियन म्युझिक बघायचा, आपल्या वादकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवून दोन्हीकडची वाद्यं एकत्र आणण्याचा खटाटोप त्याने केला, १९३९ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला बिचारा. तरी बहुतेक जाणकार कॉफमनच्याच बाजूने आहेत आणि माझंही मत तिकडेच जातं, कारण स्थिर षड्जावर एकटं व्हायोलिन फिरवायचं ही सवय त्याच्या त्या काळातल्या इतर रचनांमध्येही सापडते.

एक मात्र मनात येतं. या धुनेमुळे माणूस लक्षात राहिला आणि याच धुनेखाली बाकीचा माणूस दबून गेला. त्याने ऑपेरा लिहिले, सिम्फनी लिहिल्या, दहाहून जास्त स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, लिहिली, रागांवर जाडजूड पुस्तकं लिहिली, आशिया, युरोप, अमेरिका अशा तीन खंडांत काम केलं, आणि आपल्याकडे त्याची ओळख 'तो धूनवाला'. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये जरा पसरट लिहिणार आहे, संपादक कात्री लावतील तेवढी लावोत.

प्रश्न (कोल्हापूर): जगात इतके देश सोडून तो मुंबईतच का आला? आपल्या संगीताच्या ओढीने का?

उत्तर: ओढ हे अर्धं कारण. उरलेलं कारण त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, भारताचा व्हिसा सहज मिळत होता. मला हे उत्तर फार आवडतं, उगाच आध्यात्मिक काही नाही त्यात.

पण मागचं जरा सांगते. बर्लिनच्या होखशुलेत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, तो फ्रान्झ श्रेकरकडे कंपोझिशन शिकला, १९३० मध्ये तिथून बाहेर पडला. श्रेकर म्हणजे त्या काळातला ऑपेरातला मोठा माणूस. तिथेच कुर्ट झाक्स होते, जगभरच्या वाद्यांचा अभ्यास करणारे, त्यांच्यामुळे युरोपबाहेरच्या संगीताची चटक लागली असावी. ऑपेरात तो ब्रुनो वॉल्टर या नामवंत कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, हाताखालीही होता. म्हणजे पंचविशीत असताना सगळं जागच्या जागी बसत चाललं होतं. मग १९३३ ला हिटलर आला. श्रेकरला बाजूला केलं आणि तो पुढच्याच वर्षी वारला, झाक्स देश सोडून गेले, आणि कॉफमनसारख्या ज्यू तरुणाला जर्मनीत काही उरलंच नाही.

मधल्या काळात प्रागच्या जर्मन युनिव्हर्सिटीत त्याची पीएचडी चालू होती. काम झालं होतं, पदवी घ्यायची तेवढी बाकी. तिथे त्याला कळलं की आपले प्रोफेसर गुस्टाव बेकिंग नाझींच्या तरुण संघटनेत पुढारी आहेत. त्याने पदवी घेतलीच नाही. आज आपल्याकडे थीसिससाठी माणसं काय काय सहन करतात ते पाहिलं की या गोष्टीचं वजन कळतं. तिथले दुसरे शिक्षक पॉल नेट्ल, त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ओढीबद्दल. आपल्या संगीताच्या रेकॉर्डी त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्या अजिबात कळल्या नाहीत, परक्या वाटल्या. पण त्याने असा विचार केला की लाखो माणसं, ज्यांना डोकं आहे, हृदय आहे, ती यावर प्रेम करतात, तर मग चूक माझ्या कानाची असणार आणि ती दुरुस्त करायची तर जिथे हे संगीत जन्मलं तिथेच गेलं पाहिजे. त्या वेळचे कितीतरी युरोपियन आपलं गाणं ऐकून 'किंचाळणं' म्हणत आणि विषय संपवत. तेव्हा हा फरक लहान नाही.

मुंबईत अगदी कुणीच ओळखीचं नव्हतं असं नाही. मोहन भवनानी हे सिनेमावाले जर्मनीत शिकून आलेले, त्यांची ओळख कामाला आली.

प्रश्न (दादर, मुंबई): मुंबईत तो नक्की काय करायचा? राहायला कुठे होता?

उत्तर: राहायला वॉर्डन रोडजवळ रेवा हाऊसमध्ये, म्हणजे आताच्या भुलाभाई देसाई रोडच्या भागात.

आल्या आल्या काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी वाजवायचं संगीत. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. स्वतः पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर, एडिजिओ व्हेर्गा नावाचा इटालियन माणूस चेलोवर. या तिघांचा एक फोटो सापडतो, पियानो, चेलो आणि व्हायोलिन, तो बघताना मला नेहमी वाटतं की बोहेमियातला, म्हणजे आताच्या चेक भागातला, ज्यू, इटलीचा चेलिस्ट आणि मुंबईचा पारशी हे त्रिकूट तेव्हा फक्त मुंबईतच जमू शकलं असतं. १९३७ च्या मे महिन्यापर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. जरा हिशोब करून बघा, सव्वातीन वर्षांच्या आत, जवळपास दर आठवड्याला, आणि दर वेळी नवीन प्रोग्रॅम बसवायचा, पार्ट हाताने लिहून काढायचे, तेव्हा झेरॉक्स नव्हतं. त्यात काही त्याच्या स्वतःच्या नव्या रचना असायच्या, म्हणजे कंपोझर म्हणून लिहिलेलं ताबडतोब वाजवून बघायची सोय. परक्या शहरात नवख्या माणसाला हे मिळणं म्हणजे लॉटरीच.

मग रेडिओची नोकरी. तिथे त्याने 'अनसूया' नावाचा ऑपेरा केला, स्टेजसाठी नाही, रेडिओसाठी लिहिलेला. तारीख १ ऑक्टोबर १९३८. ही तारीख मुद्दाम देते. चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा पट्टा जर्मनीला देणारा म्युनिक करार आदल्याच दिवशी झाला होता आणि १ ऑक्टोबरलाच जर्मन फौजा सुडेटनलँडमध्ये शिरायला लागल्या. कार्ल्सबाड त्याच पट्ट्यात येतं. इकडे मुंबईत त्याचा ऑपेरा हवेवर जात होता आणि तिकडे त्याचं गाव हातातून चाललं होतं. परत जायचा प्रश्नच त्यानंतर उरला नाही.

भवनानींच्या सिनेमांसाठी आणि पुढे युद्धकाळात सरकारच्या इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियासाठीही त्याने संगीत दिलं. विली हास नावाचा प्रागचा मोठा साहित्य संपादक १९३९ मध्ये जीव वाचवून मुंबईत आला त्याच्यामागेही कॉफमनची खटपट होती, हा हास मग भवनानींसाठी स्क्रिप्ट लिहायला लागला. आपल्या सिनेमाच्या इतिहासात ही जर्मन बोलणारी मंडळी कुठे कुठे लपून बसलीयेत ते बघायला गेलं की थांबवत नाही, बॉम्बे टॉकीजचा जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन तर सगळ्यांना माहितीच आहे, पण तो वेगळा विषय, तो स्वखुशीने आलेला.

प्रश्न (पुणे): झुबिन मेहतांचे गुरू हेच ना?

उत्तर: नाही. झुबिन १९३६ चे, कॉफमन गेला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. त्यांचे पहिले गुरू वडील मेहलीच आणि पुढे १९५४ ला व्हिएन्नाला गेल्यावर हान्स स्वारोव्स्की. मेहली आणि कॉफमन आठवड्यातून एकदा तरी एकत्र वाजवायचे, तेव्हा मेहतांच्या घरात त्या संगीताची हवा होती इतपत म्हणा, त्यापुढे फॉरवर्ड करू नका.

प्रश्न (नाशिक): काफ्काशी त्यांचं नातं होतं असं वाचलं. कसं काय?

उत्तर: त्याची पहिली बायको गेर्टी ही फ्रान्झ काफ्काच्या थोरल्या बहिणीची, एलीची मुलगी. काफ्का १९२४ मध्येच गेला होता. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या.

प्रश्न (मिरज): मी किराणा घराण्याचं गाणं शिकतो. माझा थेट प्रश्न आहे की परदेशी माणसाला आपलं संगीत खरंच कळलं होतं का, की वरवरचा रंग लावून तो वाजवत होता? अशी 'ओरिएंटल' गाणी आम्ही पुष्कळ ऐकलीयेत.

उत्तर: प्रश्न तिखट आहे आणि बरोबरही आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुम्ही मिरजेचे, तंबोऱ्यांच्या गावचे, तुम्हाला वरवरचं चालणारही नाही.

आधी त्याचं पुस्तक. 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया', इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसने १९६८ मध्ये काढलं. चांगलं जाडजूड आहे. मांडणी दहा थाटांची, थाट म्हणजे राग ज्यात बसवतात ती मूळ स्वरांची चौकट, म्हणजे सरळ सरळ आपल्या भातखंड्यांची. वाळकेश्वरात जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे १९३६ च्या सप्टेंबरमध्ये वारले तेव्हा कॉफमन मुंबईत येऊन अडीच वर्षं झाली होती. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे, मुंबईत बसून आपल्या गाण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा तर ती वाट चुकवता येत नव्हतीच. म्हणजे आज अमेरिकेतला एखादा विद्यार्थी ते इंग्रजी पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या तळाशी एका मराठी माणसाची आयुष्यभराची वणवण असते, भातखंडे गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवत फिरले ती.

आता त्यातली अडचण बघा. भूप काढा. कल्याण थाट, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत, रात्रीचा पहिला प्रहर. मग देशकार काढा. बिलावल थाट, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. स्वर दोघांचे तेच पाच, सा रे ग प ध, सगळे शुद्ध. आता हे स्टाफ नोटेशनमध्ये लिहा, पाच रेघांवर पाच टिंबं, दोन्हीकडे सेम टू सेम. तुम्ही गायला लागलात की दोन सेकंदांत कळतं कुठला, धैवतावर कसे उभे राहता, पंचमावरून उतरताना गंधाराला नुसतं शिवता की तिथे बैठक मारता त्यावरून. कागदावर ते कसं आणायचं? कॉफमन यासाठी टिंबांच्या सोबत शब्दांत लिहितो, कुठला स्वर जोरकस, कुठला दुबळा, कुठे थांबायचं, कुठल्या स्वरसमूहाने राग ओळखू येतो, आणि सुरावटींचे नमुने देतो. पुरेसं आहे का? नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नोटेशनमध्ये मरतेच, हलकेच झुलणारा आंदोलित गंधार तर बोलायलाच नको. माझं मत असं की हे पुस्तक गाणं शिकायचं नाहीच, ते नकाशासारखं आहे, रस्ते बरोबर दाखवतं, चालायचं तुम्हाला. गुरूशिवाय वाचलं तर फसाल, गुरू असेल तर बाजूला ठेवून तपासायला उत्तम. १९७६ मध्ये त्याने दक्षिणेच्या रागांवर असाच दुसरा ग्रंथ काढला आणि मेळकर्त्यांच्या, म्हणजे तिकडच्या मूळ स्वरसंचांच्या, त्या सगळ्या जंजाळातही तो तितक्याच चिकाटीने उतरलाय.

आणि तो फक्त शास्त्रीय संगीतात अडकला नाही. गोंड आणि बैगा लोकांची गाणी त्याने टिपून घेतली, त्यावरचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या 'म्युझिकल क्वार्टरली'त आला. बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांच्या गाण्यांवर आणि वाद्यांवर १९६० च्या आसपास आणखी दोन लेख आहेत. हा माडियांचा मुलूख आपल्या गडचिरोलीतल्या भामरागडला अगदी लागून. आपले किती संगीतप्रेमी तेव्हा तिकडे गेले असतील देव जाणे, नाट्यसंगीताच्या मैफलीतून उठायला तर हवं!

आता दुसरा अर्धा भाग, त्याच्या स्वतःच्या रचना. कंपोझर म्हणून त्याच्यासमोर मोठा पेच होता. आपलं गाणं एका षड्जावर उभं, तो हलत नाही. त्यांचं संगीत कॉर्डच्या हालचालीवर उभं, पायाखालची जमीनच सरकते आणि त्यातच मजा असते. रागाच्या सुरावटीखाली चार कॉर्ड बदलले की सा चा सा राहत नाही, कान वेगळाच आधार धरतो आणि राग विरघळतो. तुम्ही ज्याला 'ओरिएंटल' म्हणता ते इथेच जन्माला येतं, वर कोमल रिषभ आणि खाली बॅंडबाजा. कॉफमन बऱ्याचदा यातून वेगळी वाट काढतो. एक सूर खाली धरून ठेवतो तंबोऱ्यासारखा, किंवा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवतो, सा-प असे मोकळे सूर लावतो, आणि गंमत आणायची ती लयीतून आणि एका वाद्याने दुसऱ्याचा तुकडा उचलण्यातून आणतो. त्याची क्वार्टेट ऐकताना हे स्पष्ट दिसतं.

दर वेळी जमलंय का? माझ्या मते नाही. काही ठिकाणी तो नुसता पाच स्वरांचा सुंदर खेळ होतो, राग कुठला ते सांगता येत नाही, आणि त्याचा दावाही नाही तसा. तो बर्लिनचा कंपोझर होता, इथे येऊन त्याचा कान बदलला. खयाल गायला तो आलाच नव्हता. त्या मापाने मोजलं तर तो पुष्कळ पुढे गेला असं मी म्हणेन, तुमच्या मापाने मोजलं तर कमी पडेल.

प्रश्न (टोरोंटो, कॅनडा): इथल्या लायब्ररीत कळलं की हेच कॉफमन विनिपेगला कंडक्टर होते. भारत सोडल्यावरचं सांगाल का? आम्हाला इकडे विनिपेगची थंडी म्हटलं तरी घाम फुटतो, मुंबईचा माणूस तिथे कसा टिकला!

उत्तर: घाम फुटतो हे मस्त! तो मुळात बोहेमियाचा, त्यामुळे बर्फ नवीन नव्हता, तरी उणे तीस म्हणजे उणे तीस.

१९४६ ला तो मुंबईहून लंडनला गेला, बीबीसीकडे काही काळ कंडक्टिंग केलं. १९४७ ला कॅनडात हॅलिफॅक्सच्या कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकवायला. आणि १९४८ मध्ये विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा त्याचा पहिला कंडक्टर. जवळपास दहा वर्षं. हा काळ लोक एका वाक्यात उरकतात पण मला वाटतं त्याच्यातला संघटक इथे सगळ्यात जास्त दिसतो. विचार करा, प्रेअरीतलं, म्हणजे सपाट गवताळ मुलखातलं, शहर, ऑर्केस्ट्रा नवा कोरा, ऐकणारेही घडवायचेत. हे काम त्याने आधी एकदा केलेलं होतं ना, विलिंग्डन जिमखान्यात, दर गुरुवारी! तिथल्या विनिपेग बॅलेसाठी त्याने 'व्हिसाजेस' हे बॅलेचं संगीत लिहिलं, १९४९ मध्ये, आणि ते तिकडे चांगलंच गाजलं. तिथेच फ्रेडा ट्रेपल ही पियानिस्ट भेटली, ती त्याची दुसरी बायको.

भारत सुटला तरी डोक्यातून गेला नव्हता. १९४८ च्या जूनमध्ये बोस्टन पॉप्स या अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्राने त्याची 'मद्रास एक्स्प्रेस' वाजवली. नावावरून कळतंच, आगगाडी आहे.

१९५७ ला तो अमेरिकेत ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला आणि १९७७ पर्यंत शिकवत राहिला. आठवतात ना पॉल नेट्ल, प्रागचे शिक्षक? तेही जीव वाचवून तिथेच येऊन पोचले होते, दहा वर्षं आधीच. प्रागच्या वर्गातले गुरू-शिष्य अमेरिकेच्या मक्याच्या शेतांमध्ये एका डिपार्टमेंटला. तिथे त्याने भारताचं संगीत तर शिकवलंच, पण तिबेटी बौद्ध मठांतलं पठण, चिनी अभिजात ग्रंथांतले संगीताचे उल्लेख, पूर्वेकडच्या देशांच्या नोटेशन पद्धती, या प्रत्येकावर वेगळं पुस्तक आहे. मधूनमधून ऑपेरा चालूच, 'द स्कार्लेट लेटर' १९६१ चा. १९६४ ला अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ९ सप्टेंबर १९८४ ला ब्लूमिंग्टनमध्येच वारला. ज्याने तत्त्वासाठी पीएचडी नाकारली तो वीस वर्षं प्रोफेसर होता, हे आपल्या यूजीसीला कुणीतरी कळवा.

प्रश्न (ठाणे): माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, वेस्टर्न व्हायोलिन शिकतो. आजी म्हणते हिंदुस्थानी पण सुरू कर, सर म्हणतात दोन्हीने हात बिघडेल. कॉफमनसारख्यांनी दोन्ही केलं ना? काय करू?

उत्तर: कॉफमनने दोन्ही केलं ते तिशीच्या उंबरठ्यावर आणि एका पद्धतीत पक्का झाल्यावर. तुमच्या मुलाचं वेगळं आहे. वेस्टर्नमध्ये व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, तारा जी-डी-ए-ई. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायावर टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात लावायच्या, आणि डावा हात मोकळा ठेवून घसरत मींड घ्यायची. वेस्टर्नमध्ये सर जे 'बोट नेमक्या जागी टाक' म्हणून दोन वर्षं घटवून घेतात त्याच्या हे बरोबर उलटं. त्यामुळे सर म्हणतात ते निदान अजून दोन-तीन वर्षं तरी ऐका. पण आजीचंही चुकत नाहीये. वाद्य एकच पद्धतीने वाजू दे, गाणं मात्र आपलं शिकू दे, गळ्याने. पलटे, अलंकार, दोन-चार छोटे खयाल. हाताला त्रास नाही आणि कान दोन्हीकडे तयार होतो. आजींना सांगा मी त्यांच्या बाजूने आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): त्यांच्या रचना ऐकायच्या तर कुठून सुरुवात करू? मी वेस्टर्न क्लासिकल फारसं ऐकलेलं नाही. मराठी माणसाला झेपेल असं सांगा.

उत्तर: झेपेल हो, घाबरता काय. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये शॅंडोस कंपनीकडून त्याच्या चेंबर म्युझिकचा अल्बम काढला. देशोधडीला लागलेल्या कंपोझरांचं विसरलेलं संगीत शोधून वाजवायचं हे या मंडळींचं व्रतच आहे. स्ट्रीमिंगवर सहज मिळतो. त्यात आधी अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट लावा. ऐकताना 'हा राग कुठला' हे शोधत बसू नका, नाहीतर मिरजेच्या पत्रलेखकासारखं भांडण सुरू होईल. खालचा चेलो काय धरून बसलाय तेवढ्यावर कान ठेवा, वरचं आपोआप उलगडतं. मग त्याच अल्बममधला दुसरा व्हायोलिन सोनाटा ऐका, मेहलींचं व्हायोलिन आणि याचा पियानो डोळ्यासमोर आणून. ऑर्केस्ट्राच्या रचना नंतर, 'ॲन इंडियन सिम्फनी' १९४३ ची आहे, म्हणजे मुंबईतच लिहिलेली, आणि १९६५ चे 'सिक्स इंडियन मिनिएचर्स' तुकडे छोटे असल्याने नवख्याला बरे पडतात.

वाचायचं असेल तर मुंबईचे सिनेमा अभ्यासक अमृत गंगर यांचं कॉफमनच्या भारतातल्या वर्षांवरचं इंग्रजी पुस्तक आहे, २०१३ चं, मुंबईबद्दलचा तपशील त्यात भरपूर. त्याचे कागद आणि हस्तलिखितं इंडियाना युनिव्हर्सिटीच्या म्युझिक लायब्ररीत आहेत, कुणाची मुलं-नातवंडं तिकडे शिकायला असतील आणि स्टाफ नोटेशन वाचत असतील तर त्यांना एक दुपार तिथे पाठवा, 'अनसूया'चा स्कोअर, म्हणजे स्वरलिपीत लिहिलेली मूळ प्रत, बघून काय दिसतं ते मला कळवा, मला खरंच हवंय ते.

जागा संपली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर जी बंदी घातली आणि त्यात वर आलेल्या फोल्ड्सच्या लिखाणाचा हात किती, यावर अकोला, बार्शी आणि पणजीहून पत्रं आली आहेत, ती पुढच्या अंकात घेते. पेटीवाल्यांनी तोवर दम धरावा.